लग्नतिथी

खिडकी क्रमांक दोन. काचेला हात जाईल एवढं भोक.
बावीस वर्षं त्या भोकातून मी
लोकांच्या घरात डोकावतो आहे.

नोटा सांगतात.
इतवारीतली असली तर कडेला हळद,
कळमन्याची असली तर संत्र्याच्या सालीसारखी बोटांना झोंबते,
सावजीच्या गल्ल्यातली, तेल सुटलेली,
बचतगटाची आली की ओळखायचं :
दहा जणींच्या दहा घड्या, वर एकच रबर.
आता बहुतेक पोट्टे फोन दाखवतात. टिंग वाजतं.
त्या पैशाला वास नसतो,
त्यामुळे कोण कुठून आलं, मला कळेनासं झालंय.

शर्वरी निनावे मात्र नोटाच आणायची.
गोळीबार चौकाकडची. बाप हातमागावर बसायचा,
माग भंगारात गेला, तेव्हापासून
एका मॉलच्या दारात उभा राहतो, निळी टोपी घालून.
स्कॉलरशिप मंजूर आहे तिची. कागदावर.
आधारवर निनावे, मार्कशीटवर निनवे,
उत्पन्नाच्या दाखल्यावर सेतूवाल्यानं निनाव मारलंय.
पोर्टल म्हणतं, ह्या तीन मुली आहेत.
मी म्हटलं, बाई, खरंच तिघी असत्या
तर फी तरी तिघींत वाटली असती.
हसली नाही ती.
मीही मग खाली बघून
शिक्का शाईत दाबत बसलो.

मे महिन्यात काटोल रोडच्या लॉनवर साडूच्या पोराचं लग्न.
रात्री नऊला अडतीस डिग्री, कूलरसमोर सोफे,
सोफ्यांवर आम्ही.
कोणी म्हणालं, कॉलेज फुकट केलं तर किंमत राहत नाही बे.
कोणी म्हणालं, लोन घ्यावं, फेडावं, त्यानं माणूस घडतो.
कोणी अमेरिकेतल्या पुतण्याचं सांगितलं,
तो म्हणे हॉटेलात ताटं धुऊन शिकला.
सगळ्यांना फार कौतुक वाटलं त्याचं.
"सर, जलजिरा?"
लाल जाकीट, पांढरे हातमोजे, केसांवर जाळी.
तिनं ओळख दिली नाही. मीही नाही.
एक ग्लास उचलला. ट्रे तेवढा हलका झाला.
तेवढीच मदत केली मी त्या रात्री.

सोमवारी खिडकीत सत्तावीसशे.
"सहा लग्नांचे आहेत, सर. रात्रीचे साडेचारशे.
राहिले नऊ हजार, म्हणजे अजून वीस लग्नं.
पण तिथ्या संपत आल्या न."
मी कॉलेजच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं : एकतीस जुलै, शेवटची तारीख.
तिनं बॅगेतून कॅटरिंगवाल्याचं पंचांग काढलं.
आषाढात देव झोपतात,
मग तुळशीचं लग्न लागेपर्यंत
कोणाच्या अंगाला हळद लागत नाही.
फी मात्र नेमकी झोपेच्या दिवसांत येते.

अर्ज लिहिला तिनं, माझ्याच पेनानं :
"लग्नं सुरू झाली की उरलेली फी भरीन.
तोवर नाव कापू नये, ही विनंती."

प्राचार्यांनी चष्मा वर केला.
"लग्न ठरलं वाटते हिचं. मग कायले शिकते?
द्या जागा दुसऱ्याले."

"सर, वर अनुस्वार आहे," मी म्हणालो.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना शुद्धलेखन सांगत होतो.
"एक टिंब.
त्या टिंबात वीस लग्नं आहेत."

बराच वेळ ते त्या टिंबाकडे बघत राहिले.
मग सही केली. शेरा काही लिहिला नाही.

एका सहीनं काही होत नाही, हे मला कळतं.
पोर्टलवर ती अजून तीन जणी आहे.
सोफ्यावरची माणसं पुढच्या लग्नातही तेच बोलतील.
मी फक्त खिडकीच्या आतल्या बाजूला
कॉलेजच्या कॅलेंडरशेजारी एक पंचांग टांगलंय.
आणि घरी पत्रिका आली
की नवरानवरीची नावं नंतर वाचतो,
आधी बघतो, लॉन कोणतं,
माणसं किती बोलावलीत.